चौथा पाय

कुत्र्याचं नाव खाखरा, कारण आल्या दिवशीच
त्यानं मेथीचा अख्खा पुडा फस्त केला, पिशवीसकट.
दुसऱ्या दिवशी पायपुसणं.
तिसऱ्या दिवशी मुकुलच्या बॅगेचा पट्टा.
मग तो खुर्चीपाशी आला.

खुर्ची कोणती, ते सांगायला हवं.
संखेड्याची. लाखेची. शेंदरी, किरमिजी, वर सोनेरी वेलबुट्टी,
केवड्याच्या पानानं घासून आणलेली चकाकी.
कुमुदआत्यांनी आमच्या लग्नात दिली,
आणि पुढं चोवीस वर्षं दर भेटीत
पुन्हा एकदा दिली:
"अस्सल साग हो. समोर बसून करून घेतलाय."
तिच्यावर कुणी बसत नसे.
दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
ती एकटीच काय ती ऐसपैस बसलेली.

खाखऱ्यानं मागचा डावा पाय निवडला.
तोच का, विचारू नका.
बाकी तिघांना त्यानं हुंगलंसुद्धा नाही.

कडुनिंबाचं तेल लावलं. त्यानं चाटलं.
कारल्याचा रस लावला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
की मीठ राहिलंय.
पन्नाबेन समोरच्या गॅलरीतून म्हणाल्या, "मरचुं लगाडो."
लावलं. तो दोनदा शिंकला,
मी संध्याकाळपर्यंत.
पायाला जुना मोजा चढवला:
आधी मोजा खाल्ला, मग पाय.
ओरडले, तर समोर बसून ऐकत राहिला
नाटकाला आल्यासारखा,
आणि पडदा पडला की पुन्हा
कुर्र कुर्र.

मेकवान डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडून दाखवला.
हिरडी लालबुंद, सुळ्याच्या बुडाशी दुसरा सुळा.
"खोड नाही बेन, दात येतायत.
नुसतं 'नको' म्हणू नका. 'हे घे' म्हणा."
रिक्षात मी ते घोळवत राहिले.
'नको' आमच्या घरात सगळ्यांना येतं.
'हे घे' असं शेवटचं कुणी कुणाला...
पण रिक्षात असले विचार करू नयेत,
उतरायचं राहतं. मी मांडवीपर्यंत गेले.

मग गाजरं, फ्रिजमधली. जुन्या पंचाची ओली गाठ, बर्फात ठेवलेली.
सकाळी कमाटीबागेत पाऊण तास, तो मला फिरवायचा.
पाय धरला की न बोलता गाठ पुढं करायची,
गाठ धरली की शाबास. मोठ्यानं, मनापासून.
मुकुल पेपरामागून म्हणाला,
"मला नाही कधी म्हणालीस."
म्हटलं, तू तोंडातलं कधी काय सोडलंस?

आठवड्यात पाय सुटला. म्हणजे, जेवढा उरला होता तेवढा.
आणि तेव्हाच फोन: कुमुदआत्या रविवारी येतायत.

नटुभाई खरादी शनिवारी आले.
खुर्ची उलटी केली, दातांच्या खाचेत नख घातलं,
नाकाशी नेलं.
"साग कोणे कह्युं?
आ तो नीलगिरी छे."
वरची लाख मात्र एक नंबर, म्हणाले,
वाईट वाटू नये म्हणून.

मुकुल हसत सुटला. खुर्ची सरळ करून,
तीन पायांवर तोल सावरत, तिच्यावर बसला.
लग्नानंतर पहिल्यांदा.
नटुभाईंनी नवा पाय सागाचा बसवला.
चार पायांत आता एक अस्सल.
जुना, लाख तासून, खाखऱ्याला दिला. हे घे.

आत्या आल्या. खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.
"अस्सल साग," म्हणाल्या.
खाखरा त्यांच्या पायाशी, पंजात तो ठोकळा,
कुर्र कुर्र.
त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या.
किती दिले होते त्यांनी, कुणाला, की
आधीपासूनच, कोण जाणे.
मी चहा गाळत होते, गाळतच राहिले.

मग त्यांनी बशीतली खारी मोडली,
अर्धी त्याच्यापुढं धरली,
आणि म्हणाल्या, "दात चांगले आहेत हो याचे."