डबा उघडायची वेळ

गाठीचा तुकडा शुक्रवारी तपासायला दिला.
रिपोर्ट सोमवारी.
मधे तीन रात्री आणि एक रविवार.

तिचं नाव मार्था.
लग्नात पाळकबाई हसून म्हणाल्या होत्या,
या नावाच्या बाईला घोर फार.
झालं उलटंच.
ती पाठ टेकली की झोपते,
घोर सगळा माझ्याकडे आला,
हुंड्यासारखा, न मागता.

पहिल्या रात्री हिशेब केला.
पीएफ किती, पतपेढीचे हप्ते किती राहिले,
सुवार्ताची डिप्लोमाची शेवटची फी,
सीपीआरमध्ये ओळखीचं कोण,
मिरजेला न्यावं लागलं तर पहिली एसटी कितीची.
पहाटे आकडे संपले
तरी मी बोटं मोडत बसलेलो.

दुसऱ्या रात्री उठून
भिंतीवरच्या रेघेला हात लावला.
एकोणीस साली पंचगंगा घरात आली होती,
माझ्या छातीएवढी.
दोनदा रंग दिला घराला,
मार्थानं ती रेघ काही पुसू दिली नाही.
म्हणाली, असू दे,
इथवरच आलं होतं, एवढं लक्षात राहतं.
मी ती रेघ नेहमी
किती वर आलं म्हणून बघायचो.

रविवारी देवळात काय सांगितलं, आठवत नाही.
प्रभुभोजनाचा इवला पेला
माझ्या हातात हिंदकळला,
तिनं खालून तळवा धरला.
तिच्याच हातात काखेपर्यंत कळ जाते, सकाळपासून.
एक थेंब तिच्या बांगडीवर पडला.
तिनं तो पुसला नाही.

तिसऱ्या रात्री दस्तगीरमामा आठवले.
उद्यमनगरात, मी एकोणीस वर्षांचा,
पहिल्यांदा माझ्या हातानं बांधलेला साचा,
माझ्या हातानं ओतलेला रस.
मामा म्हणाले, आता घरला जा.
मी गेलो नाही.
कसं झालंय ते बघायचं होतं,
म्हणून वेळेआधी डबा उघडला.
लोखंड अजून लालसर.
मग टक् असा आवाज,
सुपारी फुटल्यासारखा.
वीस किलोचं कास्टिंग, आरपार चीर.
मामांनी मारलं नाही. चहा मागवला.
"बघायची घाई झाली व्हय रं?" म्हणाले.
"रस ओतला की आपलं काम सपलं.
म्होरचं वाळूत हुतंय,
आन वाळूत आपली नजर पोचत न्हाई."

मामा नमाजी माणूस, मी ख्रिस्ती,
पण तीस वर्षं मी ऐकलेल्या उपदेशांत
हा एक तेवढा अंगाला चिकटलाय,
काळ्या वाळूसारखा.

मग अंधारातच म्हणालो,
प्रभू, सोमवार हा तुझा डबा.
तीन रात्री मीच तो उघडतोय,
गरम असताना, नुसत्या हातांनी.
हे घे.
फार शब्द नव्हते, गुडघेही टेकले नाहीत,
ती जागी झाली असती.

ठेवला.
मग दहा मिनिटांत परत उचलला,
मिरजेची एसटी, सुवार्ताची फी.
परत ठेवला.
असं किती वेळा, मोजलं नाही.
तो कंटाळला नाही, एवढं खरं.
कधीतरी मशिदीची बांग झाली,
आणि मला कळलं की मी बांगेनं जागा झालोय,
म्हणजे मधे कधीतरी झोपलो होतो.

सकाळी भीती होतीच.
फक्त ती माझ्या शेजारी बसली होती,
छातीवर नाही.

केएमटीत खिडकीजवळ मार्था.
दसरा चौक येईपर्यंत गप्प.
मग म्हणाली, गॅस बंद केलात ना?
केला म्हणालो.
खरं तर आठवत नव्हतं.
थोड्या वेळानं म्हणाली,
शाहूपुरीत नवा गूळ आला असेल,
येताना घेऊ.