एका डोळ्यानं

डॉक्टर लेनमध्ये, रक्त तपासायच्या लॅबखाली
अर्धा जिना उतरला की गणपय्याचं हॉटेल.
पाटीवर केळीचं पान, दुपारी बारा ते तीन,
एकशे चाळीस रुपयांत अनलिमिटेड.
त्याखाली खडूनं: ताटात टाकल्यास वीस रुपये जादा.

मी बुधवारी जातो. बुधवारी लिंबूभात असतो.
सकाळभर औषधांचे बॅच नंबर टाईप करून
आखडलेली बोटं रस्समच्या वाटीला शेकत बसतो.
कुणी कुणाशी बोलत नाही, तेच आवडतं मला.
एमआर पोरं टाय खांद्यावर टाकून जेवतात,
पेशंटांचे नातेवाईक फाइल मांडीखाली दाबून.
आचारी पोचीराम, बिलोलीचा,
निजामाबादच्या पलीकडे कधी गेला नाही.
लोक म्हणतात त्याच्या सांबाराला अस्सल उडुपीची चव आहे.
मला त्यात अंबाडीची भाजी लागते, लांबून.

त्या बुधवारी धुरपताआत्याला नेलं.
सकाळीच डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला,
वर हिरवी फडकी, फडकीवर चिकटपट्टी.
डॉक्टर म्हणाले, वाकू नका, जड उचलू नका, जेवा.
मुखेडची बस चारला.

आत्या टेबलाशी बसली आणि बसूनच राहिली.
हात धुतलेला, पदर खोचलेला,
उरलेली नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे.
"वाढायला कोन येनार?"
कुणी नाही. आपलं आपण घ्यायचं. लागेल तितकं.
"लागंल तितकं हे कोन ठरवनार?"
आपणच.
हे तिला फार वाईट वाटलं,
चव बघायच्या आधीच.
"मयताच्या घरी बी वाढायला मानूस असतंय रे,"
शेजारच्या तीन टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मी तिचं ताट आणायला रांगेत लागलो.
वळून बघतो तर खुर्ची रिकामी
आणि आत्या भांड्यांच्या पलीकडे,
गिऱ्हाइकानं जायचं नसतं तिथं,
पळी हातात.
"घे की बाबा. लाजायलास कशाला?"
टायवाल्यानं वाटी पुढं केली.
बास मावशी, बास.
"बास कशाचं, हाडं दिसायलीत."

मला घाम फुटला.
गणपय्या गल्ल्यावरून उठला, परत बसला.
पोचीराम झारा घेऊन दारात आला,
तेलुगूत काहीतरी म्हणाला
आणि आत्यानं तेलुगूतच उत्तर दिलं, हसून.
बेचाळीस वर्षं झाली मला. तिला तेलुगू येतं
हे मला हॉटेलात कळलं.

एका डोळ्यानं वाढताना
वाटी किती भरली ते समजत नाही.
काठ आणि सांबार एकाच कागदावर काढल्यासारखे.
म्हणून ती ओततच राहिली.
ताटात उतरलं, लिंबूभाताला जाऊन मिळालं,
एकाच्या शर्टावर थेंब गेला,
त्यानं तो बोटानं पुसून चाटला.
फाइलवाला माणूस दुसऱ्यांदा रांगेत आला
तेव्हा त्याची पहिली वाटी
टेबलावर तशीच होती, भरलेली.

पावणेतीनला सात ताटांत सांबार उरलं.
वीस रुपये कुणाला लावायचे?
गणपय्यानं खडूची ओळ बघितली,
मग आत्याकडे बघितलं,
मग पंख्याकडे.
बिल एका ताटाचं केलं.
खरंच होतं ते. आत्यानं खाल्लं नव्हतंच काही.

जिन्यात म्हणाली, "मीठ कमी हाय.
पन लोकापुढं कशाला बोला."

बसस्टँडवर पिशवीतून भाकरी काढली तिनं,
चटणी लावून अर्धी माझ्या हातावर ठेवली.
आत्या, पोट फुटायलंय माझं.
ती माझ्या हाताकडे बघत होती, जरा वाकडी मान करून,
अंदाज घेत.
मग उरलेली अर्धी पण ठेवली.