टाकळवण हॉल्ट : विक्रीची वही

मी तिकिटं विकतो. रेल्वेचा नोकर नाही,
कमिशनवर आहे, शंभरामागे सुटेल ते माझं.
म्हणून कागद आला तो आधी मीच वाचला :
रोजची विक्री सरासरी अकरा.
चाळिसाच्या आत राहिली तर महिनाअखेरपासून
पॅसेंजर टाकळवणला थांबणार नाही.

दौलत गांगुर्डे म्हणाला, रुळावर बसू.
केसरबी पिंजारी म्हणाली, बसून काय करशील बाबा,
त्यांना चाळीस पाहिजेत ना?
चाळीस देऊ.

दुसऱ्या दिवसापासून घरटी एक, पाळीपाळीनं.
नाशिक रोड, दहा रुपये, जायचं कुणालाच नाही.
शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूनं आडनावं,
खाली कुणीतरी काढलेला बैल.
मेथीच्या जुड्या बांधता बांधता
ओला हात खिडकीतून आत यायचा :
माझं आजचं फाड.

सहा पन्नास. गाडी दीड मिनिट उभी.
चढणारी तीच पाच माणसं :
आयटीआयची दोन पोरं, कोथिंबिरीचा भारा घेऊन सखूबाई,
डायलिसिसला निघालेले वामनतात्या
आणि डबा धरलेली त्यांची सून.
बाकी गाव फलाटावर, तिकीट खिशात,
लेकीला वाटी लावल्यासारखं बघत.

तपासनीस आले. एक्केचाळीस विकली, चढले पाच.
बाकीचे छत्तीस कुठायत?
साहेब, विकणं माझं काम, बसवणं नाही.
त्यांनी सही केली, चहा घेतला नाही.
हसले का, सांगता येत नाही,
ऊन माझ्या तोंडावर होतं.

मग एका बुधवारी केसरबी,
डबीत एकवीस तिकिटं साठलेली,
गाडी हलायच्या बेतात असताना म्हणाली,
रोज पैसे मोजते,
बघून तर येऊ जाते कुठं ती.
आणि पदर खोचून चढली.

संध्याकाळी उतरली. पिशवी रिकामी.
काय बघितलं?
मधी एक पूल लागतो, म्हणाली. खाली पाणी होतं.
एवढंच. पण दोनदा सांगितलं.

गुरुवारी सातजण चढले, शुक्रवारी नऊ,
शनिवारी परत पाचच.

नवा कागद आलाय : पुढील आदेश येईपर्यंत.
काचेला लावलाय, जरा वरच्या अंगाला,
ओले हात लागायला नकोत म्हणून.

आजची विक्री त्रेचाळीस.
त्यातलं एक माझं.
तो पूल मी अजून पाहिलेला नाही.