रेघेच्या आत

साकीनाक्याच्या पाटीवाल्याकडे
तुकड्यांच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून
पाच मिलीमीटरचं अ‍ॅक्रिलिक निवडलं.
एका तुकड्यावर अर्धा 'क्ष' होता,
कुठल्या तरी न झालेल्या दुकानाचा.
हा फुकट न्या ताई, तो म्हणाला, याचं कुणी काही करत नाही.

मी घाटकोपरला लॅबमध्ये
दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते.
अ‍ॅक्रिलिक कुठे तापून चिडतं, कुठे निमूट ऐकतं
ते माझ्या अंगठ्याला ठाऊक.
तरी मागच्या वर्षी आळस केला,
कुर्ल्याच्या बाजारातून तयार पेटी आणली.
तिच्या नळीत हवा धरली.
खालून पंप पाणी चढवत राहिला, वरून उतरेना,
आणि मी कामावर.

कन्नमवार नगरात आमच्या खाली मोमीन सर,
शाळेत चित्रकला शिकवायचे.
भांडले नाहीत.
छतावरल्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली,
शेजारी तारीख घातली,
मला बोलावून दाखवलं.
"वाढला तर कळेल."
डाग मला बदकासारखा दिसत होता.
बोलले नाही.

आज ड्रिलचा आवाज ऐकून वर आले.
चपला दाराबाहेर काढल्या, उभ्यानंच विचारलं, आता काय?
मी म्हटलं, दोन डबे, सर.
एक टाकीच्या आत, एक बाहेर लटकता,
मध्ये काठावरून वाकलेली नळी.
पाणी फणीच्या दातांतून आत येतं,
नळीतून काठ ओलांडतं,
पलीकडच्या भोकातून खाली टबात,
टबातून पंपाने पुन्हा वर.
"आणि मासे?"
म्हणून तर दात.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली,
अ‍ॅक्रिलिकवरच्या खाकी कागदावर
फूटपट्टीशिवाय एकवीस दात आखले.
सगळे सारखे.
तोंडात असे नसतात सर, कुणाचेच.
"म्हणून तर कागदावर काढायचे."

वीस नीट निघाले.
एकविसावा तुटला, 'क्ष'च्या पोटापाशी.
कवळी असती तर परत केली असती.
हिला कुठे काय चावायचंय.

खिडक्या उघडून सांध्यांत सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडला;
केसाएवढी ओल कडेकडेनं धावत गेली
आणि दोन तुकड्यांमधली फट
असून नसल्यासारखी झाली.
लोहार चाळीतल्या होल-सॉने भोक पाडलं,
टँक कनेक्टर, रबरी वायसर,
हातानेच आवळलं. पाना लावला की तडा जातो.

एक दिवस सुकू दिलं.
मग बारीक नळी तोंडात धरून हवा ओढली.
जिभेवर शेवाळ आलं, आणि पाणी चालू लागलं.
तुटक्या दातापाशी जरा जास्त, जरा बोबडं.

खरी परीक्षा वीज जाण्याची.
सर खाली गेले, डागाखाली खुर्ची टाकून बसले,
फोन कानाला.
बंद करते, म्हटलं, आणि मेन स्विच पाडला.

पंप थांबला. पंखा थांबला.
टाकीतलं पाणी दातांच्या मुळाशी आलं,
तिथे टेकलं.
दोन्ही डबे भरलेले, नळी भरलेली,
कुणी कुणाला ओढत नव्हतं.
मोलींनी एकदा काचेला तोंड लावून पाहिलं
आणि आपल्या कामाला लागल्या.

सर?
"आहे."
दहा मिनिटांनी पुन्हा, सर?
"रेघेच्या आतच आहे."
मग त्यांच्याकडून चमचा कपात ढवळल्याचा आवाज.

स्विच वर केला.
आधी गुरगुर, एक मोठा बुडबुडा,
मग एकवीस फटींतून एक सपाट चादर.
फोन ठेवायला हवा होता.
"थांबा," ते म्हणाले,
"इथून पण ऐकू येतंय."