मोगऱ्याच्या कुंडीत

मोगरा घेतला घणसोलीच्या सर्व्हिस रोडवर,
चांगुणाबाय मढवींच्या नर्सरीतून.
रोप साठचं, मातीची गोणी ऐंशीची,
शेणखत तिनेच ओंजळभर वरून दिलं.
आठव्या मजल्यावर माती लिफ्टने आली.
कुंडीच्या तळाशी खापऱ्या, भोकावर नारळाची शेंडी,
सगळं नीट केलं. मोगरा रुसला तो रुसलाच.

आमचं ऊन पश्चिमेचं, खाडीवरून येतं
आणि समोरच्या टॉवरच्या काचांवर आपटून
पुन्हा एकदा येतं.
जुन्या ओढणीची सावली बांधली,
चहाचा चोथा धुऊन घातला, आंबट ताक पाजलं,
शेंडे खुडले. तीन महिन्यांत कळी नाही.
पानांच्या कडेला फक्त तपकिरी रेघ,
न विसळलेल्या कपात राहते तशी.

उगवलं ते भलतंच. गवताची पाती.
दर रविवारी चिमटीत धरून उपटायचे,
मुळांची माती झटकून परत कुंडीत टाकायचे.
माती विकतची आहे.
एक राहिलं.
खोडाला अगदी खेटून होतं,
किंवा त्या रविवारी मला कंटाळा आला असेल.

मग बहिणीचं ऑपरेशन, चिंचवडला बारा दिवस.
जाताना पाण्याच्या बाटलीला सुईने भोक पाडून
उलटी खोचून गेले.
परतले तर कढीपत्त्याची काटकी झालेली,
रेलिंगच्या बाजूने पाऊस तिरका येऊन गेलेला,
मोगऱ्याखाली पिवळ्या पानांचा सडा,
आणि ते एक गवत
वाकलेलं.
वाऱ्याने नाही. लोंबीने.

चांगुणाबायने फोन आधी लांब धरला, मग जवळ.
चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता.
“यो त भात हाय, बाय. राता.
आमचे खाऱ्यान व्हायचा.”
कुठे, ते हाताने दाखवलं.
हात उठला, मेडिकलवरून, जिमच्या पाटीवरून,
आमच्या गेटवरून, पार खाडीपर्यंत गेला
आणि फिरून गुलाबाच्या पिशव्यांवर आला.
ती पाणी मारायला लागली.

गोणीतली माती कुठली, तिलाही माहीत नाही.
टेंपोवाला आणतो, कुठेतरी पाया खणतात तिथून.
दाणा इतकी वर्षं मातीत तग धरत नाही,
एवढं मलाही कळतं.
कोंबड्यांच्या खाद्यातून सांडला असेल,
एखाद्या पाखराच्या पोटातून पडला असेल.
तरी मी रात्री मोजले. त्रेपन्न.

पिकायला लागला तशी मुनियांची जोडी आली,
सकाळी सहाला, मी ब्रश करत होते.
तोंडात फेस, हातात ब्रश,
हाकललं नाही.
लोंबीला धरून उलट्या लटकल्या,
टरफलं खाली सातव्या मजल्यावर टाकली.
उरले नऊ.

होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत घालून
तिच्याकडे नेले.
तिने बाटली उन्हात धरली, हलवली.
दाणे वाजले.
“मना काय करायचाय?” परत माझ्या हातात.
“तुझे कुंडीन आलाय, तुझाच.”

यावर काय बोलायचं?
आमच्या करारात भूखंडाचा क्रमांक आहे,
सेक्टर आहे, चतुःसीमा आहे,
पूर्वेला पंधरा मीटरचा रस्ता.
मी विचारलं, शेताला नाव होतं का?
“होता ना. वाकडी.
बांध वाकडा, म्हणून वाकडी.”
आणि गिऱ्हाईक आलं, त्याला जास्वंद हवी होती,
पिवळी, दुहेरी, आणि लगेच फुलणारी.

बाटली फ्रिजवर आहे.
जुन्या लेबलवर चार गोळ्या, दिवसातून तीनदा,
त्याखाली मी बॉलपेनने लिहिलंय: वाकडी.
जूनमध्ये पेरीन,
त्याच कुंडीत, दुसरी ठेवायला जागा कुठे आहे?
मोगऱ्याला अजून विचारलेलं नाही.