साठावा दिवस

शोध लावणारे वरच्या मजल्यावर बसतात.
मी मोजते.
योनागोत, खाडीकडच्या इमारतीत, एकवीस वर्षं,
खोलीत अंधार करून, दाराबाहेर लाल दिवा लावून
मोजते.

हा डीएनए कुठून आणला, असं कुणी विचारलं
तर सांगेन, आणला नाही, जोडला.
एकशे एकाहत्तर अक्षरांची ओळ,
तिच्यापुढे तीच, किंचित अडखळलेली,
पुन्हा तीच,
शिक्षा म्हणून फळ्यावर लिहून घ्यावी तशी.
तिला अर्थ नाही. तिच्यातून कुठलं प्रथिन घडत नाही.
तरी माणसाच्या प्रत्येक गुणसूत्राच्या कमरेला
हीच बडबड गुंडाळलेली असते.

गेल्या शरदात आम्ही ती पेशींत सोडली.
बहुतेकींनी दादच दिली नाही.
काहींनी आपल्याच एका गुणसूत्रात शिवून टाकली,
ठिगळासारखी.
अडतीस बशांपैकी दोन बशांत
एक ठिपका सुटा उभा राहिला,
शेहेचाळिसांच्या पलीकडचा.
हारुमा म्हणाला, कादोवाकीसान, ही धूळ आहे.
मी म्हटलं, धूळ दोघींत सारखी वाटली जात नाही.

माझे सासरे तोकुइची निळं कापड विणायचे.
सूत रंगात घालण्याआधी जागोजागी करकचून बांधायचे;
निळीतून काढून गाठ सोडली
की तेवढीच जागा पांढरी.
नक्षी सुतात नसते, म्हणायचे,
कुठे बांधलं, त्यात असते.
सूत वाईट असेल तर गाठ धरत नाही
हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सांगायचे नाहीत.

सेंट्रोमिअरचंही तसंच काहीसं.
ओळ लागते, नुसती ओळ पुरत नाही.
एक प्रथिन येऊन तिच्यावर बसतं, आणखी काहींना बोलावतं,
त्यांना तर्कूचे दोरे येऊन धरतात.
आणि एकदा बसलेली जागा सुटत नाही:
डीएनए दुप्पट होताना जुनी प्रथिनं
अर्धी इकडे, अर्धी तिकडे,
विभाजन उरकल्यावर नवी येतात
जुन्यांच्या शेजारी, त्यांच्या भरवशावर.
आठवण इथे अशी चालते.
निम्मी होऊन.

साठ दिवसांपूर्वी औषध काढून घेतलं.
तोवर ज्या पेशीकडे ठिपका नसे ती मरायची,
म्हणजे सांभाळणं हा नाइलाजच होता.
आता त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही.
आता राहिला, तर दोऱ्यांनी धरला म्हणून राहिला.

आज पन्नास पेशी.
पहाटे तीनची कॅन कॉफी गार झाली आहे.
एकोणिसाव्या पेशीत सगळी मध्यावर रांगेला लागलेली,
हा अगदी कडेला,
दोन बाजूंनी ओढला जाणारा, हरभऱ्याच्या डाळीएवढाही नाही.
एकही दोरा सुटा असेल तर पेशी थांबते, हे पाठ आहे मला.
काचेवरची ही कधीचीच मेलेली,
तरी तिने श्वास धरलाय असं वाटतं,
आणि मीही धरते. चष्म्यावर वाफ येते तेव्हा कळतं.

पंचेचाळीस जणींत आहे.
दोघींत दोन दोन, म्हणजे कुठेतरी
दोघींच्या बहिणी हात हलवत गेल्या.
तिघींत नाहीच.

हारुमाला उठवलं. तो आकडा बघून ओरडला,
चप्पल न घालताच जिन्याने वर पळाला.
चांगलाच आहे आकडा.

घरी सासऱ्यांचं एक कापड आहे;
एका कोपऱ्यात गाठ सैल पडली
आणि पांढऱ्यात निळं झिरपलं.
ते त्यांनी विकायला काढलं नाही.
मला दिलं, भांडी पुसायला म्हणून.

निबंधात एकच टक्केवारी छापतील.
त्या तिघींचा रकाना मी माझ्या वहीत
पेन्सिलने वेगळा आखते.