सड्यावरचा हत्ती

विजयदुर्ग आला. छान आला.
खाडीतल्या होडीतून, तिन्ही तट एकात एक धरून,
आणि वर घार, जणू सांगून ठेवलेली.
अणुस्कुऱ्याच्या घाटात डोंगरामागे डोंगर आले,
त्यामागे आणखी एक, फिका,
किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर असतात तसे.
पूर्णगडाच्या दरवाजावरचे चंद्र-सूर्य आले,
त्यांनाही मी रात्री खोलीवर बसून
थोडं उजळवलं.
चार दिवसांत सहाशे बारा.

पाचव्या दिवशी कुसुंबकोंडच्या सड्यावर
हत्ती काही येईना.

बारा वाजलेले. पायाखाली काळा जांभा,
फटीफटीतून पिवळं पडलेलं गवत,
दूरवर समुद्र, म्हणजे नुसती एक पांढरी आग.
मी वाकून, बसून, पालथा पडून बघितलं.
कुठे आहे, म्हणून हाक मारली
तेव्हा गवत कापणारी बाई उभी राहिली, म्हणाली,
"त्याच्या पोटावर तर हायसा. चपला काढा आदी."

काढल्या. तळवे भाजले.
"दुपारचा न्हाय दिसत तो," ती म्हणाली,
घरातला कुणी दुपारचा झोपतो
तशा आवाजात.

सुगंधा मांडवकर. कोयती कमरेला, डोक्यावर टॉवेलची घडी.
उन्हं कलेपर्यंत बसलो एका काजूखाली.
तिनं भाकरीतली अर्धी दिली, वर सुकटीची चटणी.
समोर चिरेखाण, बंद पडलेली,
जमीन अशी कापलेली, जशी वडी.
तळाशी हिरवं पाणी.

"ह्ये तवा यंत्रावर व्हते.
पातं फिरत फिरत आलं पार त्याच्या शेपटीशी.
वरची माती झाडली आन ह्यांना दिसली रेघ.
मंग पाऊल दिसलं. मंग सोंड.
मुकादमाला म्हनाले, फुडं दगड कच्चा हाय,
चिरा तुटंल, पैसा जाईल.
खोटं बोल्ले."
ती हसली. "जल्मात एकदाच."

"आता कुठे असतात?"
"लांज्याला. दुसऱ्या खाणीवर.
हितला दगड कच्चा ना."

साडेचारला ती उठली.
खाणीच्या पायऱ्या उतरून कळशी भरून आणली
आणि सोंडेच्या टोकाशी बारीक धार धरली.
पाणी थांबलं, विचार केल्यासारखं,
मग चालू लागलं.
कुणीतरी, कधीतरी, कशानेतरी कोरलेल्या वाटेने
ते बरोबर वळलं, कपाळावर चढल्यासारखं वाटलं,
पाठीवरून गेलं, चारी पायांत उतरलं.
आणि दगडातून ओला, काळा, अठरा फुटांचा
तो उठला.

पोटात त्याच्या मासे होते.
"ही मुशी. ह्यो मोर. ह्ये काय ते ठाव न्हाय,"
तिचा अंगठा एकेकाला न लागता फिरत होता.
मी कॅमेरा काठीला बांधून उंच धरला,
दमलो, पुन्हा धरला.
"सरा वो जरा. तुमची सावली पडलेय त्याच्या डोळ्यात."
सरलो.
अकरा फोटो निघाले. तेवढ्यात कडा सुकू लागल्या,
आधी पाठ गेली, मग कान,
शेवटी मोराचा एक पाय राहिला चमकत.

"आला काय?"
आला होता. माझ्या आजवरच्या कामात असा नव्हता आला कुणीच.
ऊन तिरकं, प्रत्येक रेघेत एक काळी धार.
मी पडद्यावर हात आडवा धरून तिला दाखवला.
तिनं बोटं पदराला पुसली, मग बघितलं.
खूप वेळ बघितलं.
मला वाटलं, आवडला.

"शेपटी कापलीत की वो."

मी बघितलं. सगळ्या अकरांत.
चौकटीच्या कडेला, सरळ रेषेत,
चिरा काढावा तशी.

मी काही बोलणार होतो, भिंगाबद्दल,
काठीच्या लांबीबद्दल.
ती कळशी घेऊन निघालीही होती.
"थांबा, आनते," खाणीच्या काठावरून म्हणाली,
"ऊन हाय अजून इतकंसं,"
आणि उतरली.
मी अनवाणी, शेपटीपाशी उभा.